बिस्मार्कची झाडं

ओट्टो फॉन बिस्मार्क म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या भरघोस मिशा, लष्करी गणवेश आणि १८६४, १८६६, १८७० अशी पाठोपाठ आलेली तीन युद्धं. मला मात्र त्याच्याविषयी वाचताना ऐकू येते ती पानांची सळसळ. पोमेरेनियातल्या व्हार्त्सिनची, हॅम्बुर्गजवळच्या झाक्सेनवाल्डची. बीचच्या राखाडी खोडांवरून ओघळणारा हिरवट उजेड, पायाखाली भिजलेला पाचोळा, आणि त्या उजेडातून एका धिप्पाड कुत्र्याच्या सोबतीने चालणारा, अवघ्या युरोपचा नकाशा बदलून स्वतःची झोप मात्र हरवून बसलेला म्हातारा.

त्याला झाडांशी बोलता येत असावं.

३० सप्टेंबर १८६२. प्रशियाचा कारभार हाती येऊन जेमतेम आठवडा झालेला. अर्थसंकल्प समितीत विरोधकांसमोर त्याने वहीतून ऑलिव्हची एक डहाळी काढली. ती आव्हिन्योची होती. बियारित्झच्या समुद्रकाठी ज्या तरुण रशियन स्त्रीच्या सहवासात तो हरखून गेला होता, तिच्या सोबतीतल्या प्रवासातली. समेटाची खूण म्हणून ही तुम्हाला द्यायची होती, पण अजून ती वेळ आलेली नाही, असं तो म्हणाला. त्याच बैठकीत लोखंड आणि रक्त हे शब्द उच्चारले गेले. ते जगभर गेले. डहाळी द्यायची राहून गेली.

१८७७ मध्ये व्हार्त्सिनला त्याचा लाडका सुल्तान गेला. जाण्याआधी थोडाच वेळ त्याने या कुत्र्याला मारलं होतं, आणि ज्याच्या एका शब्दावर फौजा हलत, तो माणूस त्या माराच्या आठवणीने आतून पिळवटून निघाला. पुढे १८९० च्या मार्चमध्ये तरुण कैसरने त्याला घरी पाठवलं. त्याच्या जागी आलेल्या काप्रिवीने बर्लिनच्या सरकारी निवासस्थानाच्या बागेतली जुनी झाडं तोडली. राजकारणातले मतभेद एक वेळ पोटात घालीन, पण ही झाडं नाही, अशा अर्थाचं बिस्मार्कने आठवणींत लिहून ठेवलं.

हे वाचून जीव हळवा होतो, आणि तिथेच १८८५ साल आडवं येतं. पूर्वेकडच्या प्रांतांतून हजारो पोलिश आणि ज्यू माणसांना त्याच्या सरकारने हद्दपार केलं. त्यांच्याही दारात झाडं असतील, कुणी हाताने लावलेली, कुणाच्या आजोबांनी. ओकच्या म्हाताऱ्या खोडासाठी कळवळणाऱ्या या मनाला ती बिऱ्हाडं का दिसली नाहीत? हा माणूस मला इथे दुखतो. तो निव्वळ दगड असता तर सोपं होतं.

अखेरची वर्षं फ्रीडरिक्सरूच्या घरात गेली. ते पूर्वीचं उतारूंचं हॉटेल. खोल्यांच्या दारांवरचे आकडे त्याने काढलेच नाहीत. १८९४ मध्ये योहाना, त्याची बायको, व्हार्त्सिनलाच गेली. ३० जुलै १८९८ ला तोही गेला.

व्हार्त्सिन आता पोलंडमध्ये आहे, वार्चिनो नावाने. बिस्मार्कच्या वाड्यात वनशाळा भरते. ज्यांची भाषा त्याच्या राजवटीने शाळांतून हुसकून लावली, त्यांची मुलं तिथे, त्याच भाषेत, रोपं लावायला आणि रानं राखायला शिकतात. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.