कोऱ्या रकान्याची साक्ष

अहिल्यानगर ही रणगाड्यांची छावणी. आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४८ पासून आहे; मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही येथेच. या मैदानांवर उतरणारा प्रत्येक जवान भरतीच्या वैद्यकीय तपासणीतून पार पडलेला असतो. तो कागद पुढे विस्मरणात जातो. पण आजारपणाने नोकरी सुटली, की त्यालाच वाचा फुटते.

गोळीची जखम डोळ्यांना दिसते. मज्जासंस्थेचा विकार नेमका कधी सुरू झाला, हे सैनिकाने सिद्ध कसे करावे?

हा प्रश्न ज्या खटल्यात सुटला, तो नगरचा नाही. त्याचा आधार मात्र इथल्या माजी सैनिकांनाही आहे. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये शिपाई झाले. सुमारे ९ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये, अपस्मारामुळे त्यांना घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे मेडिकल बोर्डाने लिहिले आणि अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे सामान्यतः मानावे. तो आधीपासून होता असे म्हणणाऱ्या बोर्डाने कारणे द्यावीत. सिद्धतेचा भार सरकारवर आणि संशयाचा फायदा सैनिकाला. सिंग यांना निवृत्तिवेतन मिळाले.

सैन्याने धडधाकट म्हणून स्वीकारलेल्या माणसाच्या बाजूने अखेर साक्ष दिली, ती एका कोऱ्या रकान्याने.