न दिसणारा धूर

मनुष्याप्रमाणे मोटारीलाही उतारवयात दमा जडतो. आमच्या १५ वर्षांच्या डिझेल गाडीने खंडवा मार्गावरील भेरूघाटाच्या चढणीवर काळा धूर ओकण्यास आरंभ केला, तेव्हा ‘ईजीआर’ या तिच्या व्याधीशी माझा परिचय झाला.

इंजिनात इंधन जळताना तापमान फार चढले, की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची घातक ऑक्साइडे निर्माण होतात. ते टाळण्यासाठी जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही अंश एका झडपेवाटे पुन्हा आत सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी असल्याने ज्वलन सौम्य होते. हीच ईजीआरची झडप. मात्र त्या वायूबरोबर काजळीही परतते आणि वर्षानुवर्षे साचून झडपेला जखडते.

झडप उघडी राहिली, तर इंजिन गुदमरते. गाडीची ओढ घटते, काळा धूर येतो. तथापि लगेच झडपेवर आळ घेणे म्हणजे चौकशीविना निवाडा होय. एअर फिल्टर तुंबला, टर्बोची नळी चिरली किंवा इंजेक्टर बिघडला, तरी लक्षणे तीच दिसतात. म्हणून आधी फिल्टर व नळ्या तपासाव्यात. मग व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपेला हातपंप लावावा. पंपाचा काटा घसरू लागला, तर आतील पडदा फाटलेला. काटा स्थिर राहूनही दांडी सरकली नाही, तर काजळीने जखडलेली. आमच्या झडपेची दांडी अर्ध्यावरच अडकत होती.

मिस्त्रीने तोडगा सुचवला, “साहब, पत्ती लगाकर बंद कर देते हैं, झंझट ही खतम।” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. झडप बंद केलेली गाडी उत्तम पळते, धूरही कमी होतो. पीयूसी तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची दाटी तेवढी मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. अर्थात प्रमाणपत्रही विनासायास मिळते. उघडी अडकलेली झडप मालकाला छळते. बंद केलेली झडप रस्त्यावरच्या इतरांना, आणि त्याची तक्रार कोणाकडेही नोंदली जात नाही.

२०१७ साली इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढे अनेक वर्षे त्याने तो मान राखला. ओला व सुका कचरा निराळा ठेवण्याची सवय घरोघर लागली, कारण कचरा डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या कचऱ्यासाठी घंटागाडी येत नाही. तिथे आपल्यालाच आपले निरीक्षक व्हावे लागते.

मी झडप उतरवून साफ करण्यास सांगितले. क्लीनर, ब्रश, नवे गॅस्केट आणि अर्धा दिवस, एवढाच तो खर्च. काळा धूर थांबला, ओढही परतली. दुरुस्तीहून आलेली जुनी गाडी एकाएकी जोमाने पळू लागली, तर आनंद मानण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: झडप साफ केली, की बंद?