सभासद गेले, दुकान गेलं

अपना बाजारला शेठ नव्हता. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ही ग्राहक सहकारी संस्था उभी केली. धान्य, कापड, औषधं, भांडी सगळं एका छताखाली मिळायचं. पुढे मुंबईत ठिकठिकाणी शाखा निघाल्या. रमजानच्या आधी अम्मी तिथूनच शेवया, साखर, खजूर आणायची. "माप खरं असतं," एवढंच म्हणायची. दुकान कोणाच्या धर्माचं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

१९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं. मग मॉल आले. राधाकिशन दमाणींनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेतली आणि २००२ मध्ये पवईत डी-मार्ट काढलं. इकडे अपना बाजारच्या अनेक शाखांना एकेक करून कुलूप लागलं.

नुसता मोठ्या दुकानांना दोष देऊन भागणार नाही. सभासद म्हणजे मालक. आपण मात्र गिऱ्हाईक झालो आणि दोन रुपये स्वस्त दिसलं तिकडे वळलो. आज आपल्या बिरादरीत बिनव्याजी पतसंस्था, बचतगट निघताहेत. शेअरची पावती कपाटात ठेवून त्या चालणार नाहीत. सभासद वार्षिक सभेला येऊन हिशेब विचारतील, तरच संस्था आपली राहील.