तान्हुल्यासह खिदिरपूर

कोलकात्याला जाणारे मराठी कुटुंब कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ पाहते आणि परतीच्या गाडीत बसते. हुगळीच्या काठच्या खिदिरपूरकडे सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक कोलकात्यातली विजेवर चालणारी पहिली ट्राम २७ मार्च १९०२ रोजी धावली, ती एस्प्लनेडहून खिदिरपूरलाच! मैदानाच्या हिरवळीतून जाणारा हा मार्ग २०२० च्या अम्फान वादळानंतर बंद पडला. आता बसने किंवा टॅक्सीने जावे लागते.

खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. परवान्याशिवाय आत जाता येत नाही; पण जहाजांसाठी उचलता येणारा पूल आणि गोदीच्या भिंतीलगतची लगबग बाहेरूनही पाहता येते. एकेकाळी खलाशांनी आणलेल्या परदेशी मालामुळे नावारूपाला आलेले फॅन्सी मार्केट याच भागात आहे. अत्तरापासून घड्याळापर्यंत सारे काही तिथे मिळते आणि गर्दी तर विचारूच नये! कडेवर लहान मूल असेल, तर खरी परीक्षा इथेच. बाबागाडी ढकलायला जागा नाही आणि मुलाला उचलून हात तासाभरात भरून येतात. अशा वेळी उपयोगी पडते ती कापडाची झोळी.

झोळी आपल्याला नवी नाही. जुन्या लुगड्याची झोळी घरात आढ्याला बांधतात, उसाच्या फडात झाडाच्या फांदीला. अंगावर बांधायची झोळी तिचीच बहीण. इथे आढ्याच्या जागी आईचा किंवा बाबांचा खांदा असतो.

कापड घ्यायला हा परिसर उत्तम. खिदिरपूरच्या पुढे मटियाबुर्ज लागते. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली कोलकात्याला आले आणि इथेच स्थायिक झाले. आज मटियाबुर्ज तयार कपड्यांची, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे. गल्लोगल्ली शिवणयंत्रांची घरघर ऐकू येते.

कापड निवडताना ते उजेडासमोर धरून पाहावे. वीण घट्ट हवी. विरलेले, ठिगळाचे कापड नको. बंगालची ताँताची साडी सुंदर खरी, पण झिरझिरीत. मुलाचे वजन तिच्यावर सोपवू नये. नायलॉनसारख्या कापडाची गाठ सरकते आणि कोलकात्याच्या दमट हवेत बाळ घामाघूम होते. जाडसर सुती कापडच बरे. अंगाभोवती गुंडाळून बांधायला साडेचार-पाच मीटर लांबी लागते. गमछा त्यासाठी अपुरा. कड्यांची झोळी दोन मीटरमध्ये होते; पण कडी बिनजोड आणि भार पेलणारी हवीत, पडद्याची किंवा शोभेची नव्हेत. नवे कापड धुऊन, खळ काढूनच वापरावे. पहिला सराव घरी, पलंगावर बसून, तांदळाच्या पिशवीवर करावा. सरकगाठ टाळून पक्की दुहेरी गाठ मारावी.

बाळ उभे, छातीशी घट्ट असावे. मान वाकवली की त्याच्या कपाळाची पापी घेता यावी. चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली, तर कोवळी श्वासनलिका दुमडते आणि बाळ रडूही शकत नाही. हनुवटीखाली दोन बोटे मावतील एवढी जागा हवी. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली झोळीत गुदमरण्याच्या धोक्याचा इशारा दिला, तो विशेषतः चार महिन्यांखालील बाळांसाठी. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सर्दीने बेजार बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाय लोंबकळू देऊ नयेत. बेडकासारखे फाकलेले, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असले, की खुब्याच्या सांध्यांवर ताण येत नाही. ऊन लागते म्हणून तोंडावर पदर ओढू नये, छत्री घ्यावी. टॅक्सीत झोळी सोडावी. वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसावे आणि एक हात बाळाच्या पाठीशी ठेवावा.

अशी तयारी असली, की गार्डन रीचच्या सुरीनाम घाटापर्यंत जाता येते. याच किनाऱ्यावरून गिरमिटिया मजुरांची जहाजे निघत. 'लल्ला रूख' हे सुरीनामला जाणारे पहिले जहाज २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्याहून सुटले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे त्या एका देशात गेली. त्यांत लेकुरवाळ्या बायाही होत्या. २०१५ साली सुषमा स्वराज यांच्या हस्ते इथे 'माई-बाप' स्मारकाचे अनावरण झाले. त्यातल्या जोडप्याजवळ आहे फक्त एक गाठोडे. सारा संसार एका कापडात बांधून ही माणसे सातासमुद्रापार गेली.

घाटाकडे सकाळी लवकर निघावे. ऊन चढण्यापूर्वी परतता येते आणि बाळही सुखात राहते.