वीज परत आल्यावर

आमच्याकडे गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी, मी सांभाळत असलेल्या एका छापखान्यात यूपीएसने अर्ध्या तासात मान टाकली. वीज आली, सर्व्हर उठला, लॉगिन झालं. मी दुसऱ्या कामाला निघून गेलो.

दुपारी फोन आला. "सर, 'अंक' फोल्डर उघडतंय, पण जुनं काहीच दिसत नाही."

'अंक' ही त्या सर्व्हरवरची डिरेक्टरी. आतला माल दुसऱ्या खोलीतल्या स्टोरेजवर, एनएफएस शेअर म्हणून माउंट केलेला. सहा महिन्यांपूर्वी तो मी हाताने माउंट केला होता. कमांड दिली, फायली दिसल्या, काम झालं असं मानलं. हाताने केलेलं माउंट रीस्टार्टनंतर उरत नाही, हे मला माहीत होतं. नोंद करायची राहून गेली होती.

जाऊन पुन्हा माउंट केलं. जुने अंक परत आले. मागे उभा असलेला ऑपरेटर हळूच म्हणाला, "आणि आज सकाळपासून लावलेली पानं?"

ती दिसत नव्हती. सहा पानं होती, दुसऱ्या दिवशी छपाई.

माउंट म्हणजे फरशीवर अंथरलेली सतरंजी. सतरंजी नसली तरी फरशी असतेच, आणि माणसं येऊन तिच्यावर बसतात. सकाळी 'अंक' उघडलं तेव्हा ती सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरची मोकळी जागा होती. तिने कोणाला अडवलं नाही, पानं मुकाट्याने ठेवून घेतली. मग मी वरून सतरंजी अंथरली आणि ती झाकली गेली. अनमाउंट केल्यावर सहाही पानं जशीच्या तशी सापडली. तोवर त्या माणसाचा चेहरा उतरलेला होता, तो मी विसरलेलो नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये एनएफएस घडवलं, तेव्हाच्या मूळ रचनेत सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नव्हतं. त्यामुळे शेअर देणारं यंत्र पडून उठलं तरी घेणारं यंत्र विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. पण घेणारं यंत्रच रीस्टार्ट झालं, तर काय कुठे जोडायचं हे त्याला कोणीतरी लिहून द्यावं लागतं.

ते लिहायची जागा म्हणजे एफएसटॅब. एका ओळीत सहा रकाने: शेअरचा पत्ता, डिरेक्टरी, प्रकार, पर्याय आणि शेवटी दोन शून्यं. खरी विचाराची जागा चौथा रकाना. 'नोफेल' नसेल आणि स्टोरेज बंद असेल, तर सर्व्हर सुरू होताना त्या माउंटची वाट पाहत रेंगाळू शकतो. 'नेटडेव्ह' नेटवर्कसाठी थांबायला सांगतो. एनएफएसच्या बाबतीत सिस्टिमडीला ते आपणहून कळतं, तरी पुढच्या माणसासाठी मी ते लिहितोच. मात्र नेटवर्क आलं म्हणजे स्टोरेज आलं असं नाही. वीज परत येते तेव्हा दोन्ही यंत्रं एकदमच सुरू होतात, आणि स्टोरेजला उठायला बहुधा जास्त वेळ लागतो. म्हणून मी सिस्टिमडीचा ऑटोमाउंट लावतो. कोणी डिरेक्टरीला हात लावला की तेव्हा माउंट होतं. स्टोरेज जागं नसेल तर चूक दाखवली जाते, फरशी पुढे केली जात नाही.

त्याखालीही एक कडी घालतो. माउंट करण्याआधी मोकळ्या डिरेक्टरीला 'चॅटर' कमांडने अपरिवर्तनीय करून ठेवतो, म्हणजे तिच्यात रूटलासुद्धा लिहिता येत नाही. 'सॉफ्ट' पर्याय मात्र मी लावत नाही. स्टोरेज रेंगाळलं की तो लिहिणं अर्ध्यात सोडून देतो, आणि अर्धवट लिहिलेली फाईल ही न सापडणाऱ्या फाईलपेक्षा वाईट.

एफएसटॅब बदलल्यावर सगळं माउंट करून पाहणं आणि 'फाइंडमाउंट'कडून ओळ तपासून घेणं, हे करावंच. पण ती चालू यंत्राची परीक्षा झाली. तुमच्याकडे असा एखादा शेअर असेल, तर या आठवड्यात लोकांना सांगून, दिवसाउजेडी, स्वतः समोर उभं राहून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. आणि डिरेक्टरी उघडून आतली एक जुनी फाईल वाचून पाहिल्याशिवाय तिथून निघू नका.