कुरतडलेली पानं

परसात पक्षी यावेत असं वाटलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा कठड्यावर मूठभर तांदूळ किंवा बाजरी पडते. त्यामागची माया खरी असते, पण त्या दाण्यांवर येतात ती कबुतरं, आणि नशीब असेल तर चिमण्या. दयाळ, शिंपी, नाचण, सुभग, वटवट्या ही मंडळी दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचं पोट अळ्या, कोळी, नाकतोडे आणि वाळवी यांच्यावर चालतं. चैत्र-वैशाखाच्या पहाटे उंच फांदीवरून किंवा अँटेनाच्या टोकावरून दयाळ जी लांबलचक शीळ घालतो, तिच्यामागचं बळ कुणाच्याही वाटीतून आलेलं नसतं. म्हणून मला असं ठामपणे वाटतं, की या पक्ष्यांना खाऊ घालायचं असेल तर आधी अळीला पान खाऊ द्यायला हवं. हिरव्यागार, एकही भोक नसलेल्या पानांची बाग आपल्या डोळ्यांना कितीही सुखवो, कीटक खाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीनं ती ओसाड आहे.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पिल्लांच्या भुकेत. उत्तर अमेरिकेत कॅरोलिना चिकडी नावाचा जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा पक्षी आहे. त्याची एक वीण मोठी व्हायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात, असा तिथल्या अभ्यासकांचा हिशेब आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये याच पक्ष्याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली गेला, की तिथल्या चिकडींना आपली संख्या टिकवण्याइतकीही पिल्लं वाढवता येत नाहीत, असं त्यातून दिसलं. आपल्याकडच्या शिंप्याचा किंवा नाचणाचा आकडा वेगळा असेल, भूक मात्र त्याच जातीची. उघडीबोडकी पिल्लं दोनेक आठवड्यांत पिसं धरून घरट्याबाहेर पडतात. एवढ्या घाईची वाढ कोरड्या दाण्यांच्या पिठावर होत नाही, तिला प्रथिनं लागतात आणि पाणीही लागतं. मऊ अळीत ही दोन्ही असतात. म्हणून तर एरवी दाणे टिपणारी चिमणी आणि सुगरण पिल्लांच्या चोचीत किडेच भरवतात, आणि फुलांतला मध पिणारा शिंजीर त्या दिवसांत कोळ्यांच्या मागे लागतो.

आता अळी कुठून यायची? वनस्पती आपल्या पानांत विषं, डिंक, कडू रस साठवून स्वतःचं रक्षण करत असतात. ती तटबंदी भेदायला कीटकांना पिढ्यान्‌पिढ्या लागतात, आणि पुष्कळ कीटक एखाद्या कुळाच्या वनस्पतींपुरतेच तयार झालेले असतात. मादागास्करहून आलेला गुलमोहर, रंगीत क्रोटन, गालिच्यासारखं कापलेलं लॉन यांच्याकडे इथल्या अळ्या फारशा वळत नाहीत त्या यामुळेच. याउलट कढीपत्ता आणि लिंबू ही नेहमीची, स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेली झाडं पाहा. त्यांच्या कोवळ्या पानांवर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि मग हिरव्या होणाऱ्या अळ्या हमखास सापडतात. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेलं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. बहावा आणि टाकळा पिवळ्या फुलपाखरांना पोसतात, तर वड-उंबरांची पानं आणखी कुणाला. मात्र एकाच झाडावर भिस्त ठेवून चालत नाही. रुईवरची पट्टेरी अळी पानातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात. केसाळ सुरवंट लहान पक्ष्यांना नको असतात, ते पावशासारखे कोकीळकुळातले पक्षी आवडीनं खातात. तेव्हा विविधता हवी, आणि रोपवाटिकेतून झाड निवडताना फुलाच्या रंगाआधी त्याचं पान उलटून पाहावं.

पानांइतकीच महत्त्वाची आहेत ती आपण झाडूनं पुसून टाकतो ती कोळिष्टकं. शिंजीर आपल्या घरट्याची लोंबती पिशवी कोळ्याच्या धाग्यांनी बांधतो. तिच्यात सालीचे तुकडे, पाचोळा, अळ्यांची विष्ठासुद्धा तो गुंफतो. नाचण आणि सुभग यांच्या सुबक वाट्या बाहेरून याच धाग्यांनी लिंपलेल्या असतात, आणि शिंपी पानं शिवताना कापसाबरोबर कोळ्याचं रेशीम वापरतो. म्हणजे कोळी एकाच वेळी अन्न आहे आणि बांधकामाचं सामानही. जमिनीवरचा पालापाचोळा हीही अशीच दुर्लक्षित संपत्ती. सातभाई तो उलटापालटा करत गलका करतात, दयाळ शेपटी उभारून त्यात टिपत फिरतो. पहिल्या पावसानंतर त्याच मातीतून पंख फुटलेली वाळवी उसळून वर येते, तेव्हा कोतवालापासून बुलबुलापर्यंत सगळ्यांची पंगत बसते. पाचोळा जाळणाऱ्यानं ही पंगत आधीच उठवलेली असते.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप येईल तो भाजीपाल्याचा. अळ्यांना मोकळीक दिली तर वांगी-टोमॅटो खायचे कुणी? पक्षी सगळी कीड संपवतात असा दावा मी करणार नाही. पिठ्या ढेकणासारख्या किडीपुढे त्यांचा फारसा उपयोग नाही. पण मोठ्या अळ्यांच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांचा अनुभव बोलका आहे. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी शेतात टी आकाराचे पक्षिथांबे उभारायला किंवा पिकात थोडी ज्वारी टोकायला कृषी खातंच सांगतं, म्हणजे कोतवालासारखे पक्षी त्यावर बसून अळ्या टिपतात. परसात वाळकी फांदी न तोडता ठेवली तरी तेच साधतं. कढीपत्त्याची पानं एखाद्या वेळी पार खाल्ली गेली तरी तो पुन्हा फुटतो. फवारणीनं मात्र अळीबरोबर तिला खाणारे कोळी, गांधीलमाश्या आणि चतुरही मरतात, आणि कीड त्यांच्याआधी परतते. नेदरलँड्समधला २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर याहून पुढचं सांगतो. तिथं पाण्यात इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रमाण जास्त होतं अशा भागांत कीटकभक्षी पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते. तेच रसायन आपल्याकडे बागेसाठी सहज विकत मिळतं.

डासांची भीतीही खरी आहे, विशेषतः डेंग्यूच्या गावांत. पण डास वाढतात ते साचून राहिलेल्या पाण्यात, पानांवरच्या अळीशी त्यांचा संबंध नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. पक्ष्यांसाठी ठेवलेली उथळ परात रोज घासून भरली की तो प्रश्न मिटतो. सापाची धास्ती असेल तर पाचोळा भिंतीलगत नको, कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग करावा. विकतच्या वाळवलेल्या अळ्या ठेवाव्यात असं कुणी सुचवेल. त्यानं एखादा पक्षी जवळ येईलही, पण एकाच ठिकाणी गर्दी झाली की रोगही जमतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत जी साथ पसरली, ती खाण्या-पिण्याच्या अशा जागांवरच्या दूषित अन्नपाण्यातून पसरली. खाद्य झाडाझाडांवर विखुरलेलं असलं, की ही गर्दी होतच नाही. मांजर मात्र घरात ठेवावं, निदान विणीच्या महिन्यांत. त्यावर दुसरा उपाय नाही.

राहता राहिला तो जागेचा आक्षेप. दोन गुंठ्यांच्या, नाहीतर चार कुंड्यांच्या परसानं काय होणार? पिल्लं भरवणारे आईबाप दिवसाला शेकडो खेपा घालतात, त्यांना लांब जाणं परवडत नाही. त्यामुळे घरट्यालगतचं एखादं लिंबाचं झाडही त्यांच्या हिशेबात मोठं असतं, आणि शिंप्याला तर घरट्यासाठी दोन रुंद पानांची कुंडीसुद्धा पुरते. शेजारच्या कुंपणात तरवड असेल आणि पलीकडच्या वाड्यात उंबर, तर ही छोटी परसं जोडून एक मोठा चरण्याचा पट्टा तयार होतो. त्यासाठी सोसायट्यांनी एवढं जरी ठरवलं, की कुंपणाची छाटणी पावसाळा संपेपर्यंत करायची नाही आणि औषध फवारणाऱ्याला वर्षाचं कंत्राट द्यायचं नाही, तरी पुष्कळ घरटी वाचतील. छाटणी दिवाळीनंतर करता येते. तोवर पिल्लं उडून गेलेली असतात.