किती वाटलं, किती राहिलं

कांजूरमार्गच्या आमच्या मोहल्ल्यात मुलांच्या शिक्षणासाठी एक छोटी कमिटी आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात कामांची यादी १४ वर गेली होती. वह्या, दप्तरं, दहावीचा सत्कार, निबंध स्पर्धा, मुशायरा, रमज़ानचं रेशन, आरोग्य शिबिर... शेवटी मी लिहिलं, ‘अल्हम्दुलिल्लाह, वर्ष यशस्वी झालं.’

त्याच आठवड्यात सातवीतला एक मुलगा स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन घरी आला. मी म्हटलं, “वाच बरं, काय विचारलंय?” तो पहिल्याच ओळीवर थांबला. उर्दूचं पुस्तक पुढे केलं, तिथेही तेच. आमच्या अहवालात दप्तर घेताना त्याचाच फोटो होता. फोटोखालच्या ओळी मीच लिहिल्या होत्या.

पुढच्या रविवारी कामासाठी स्लो लोकलने सीएसएमटीला गेले. स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. शेकडो वेळा पाहिलेली, पण त्या दिवशी समोर उभी राहिले. बदरुद्दीन तैयबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. थोरले बंधू कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा मोहम्मद अली रोगे अशा साथीदारांसह त्यांनी १८७४ मध्ये अंजुमन स्थापन केली. मुंबईचा मुसलमान नव्या शिक्षणात मागे पडलाय, हे त्यांनी उघड मान्य केलं. इंग्रजी शिकलं तर दीन जाईल, अशी भीती घराघरांत असताना हे बोलणं सोपं नव्हतं. कौमच्या अडचणी तेव्हाही ढीगभर होत्या. अंजुमनने तालीम धरली. १८८० मध्ये शाळा सुरू झाली ती ३ शिक्षक आणि १२० मुलांवर. आज तिच्या संस्थांत लाखभर मुलं शिकतात.

परतीच्या गाडीत मला त्या १२० चा आकडा सुटेना. त्यांना आपली मुलं माहीत होती. आम्हाला फक्त दप्तरं माहीत होती.

पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, आधी सगळ्या मुलांचं वाचन तपासू. आमचे सदर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, नाराज झाले. “बेटा, चंदा देणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? आपलीच बदनामी आपण का करायची?”

“चाचा, अहवाल मीच लिहिलाय. बदनामी झाली तर पहिली माझी होईल.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी मान हलवली.

तिसरी ते सातवीची २९ मुलं बसवली. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा दिला. ११ जणांना तो वाचता आला नाही. त्यांत माझ्या वर्गातले दोघे होते. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसायचे, त्यामुळे मीही त्यांना गप्पच बसू दिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग यादीवर कात्री लागली. रेशनचं काम मशिदीच्या जमातीने आधीपासून चालवलं होतं, ते त्यांच्याकडेच सोपवलं. मुशायरा बंद केला. त्यावर दोन सभासद रागावून गेले, ते अजून परतलेले नाहीत. उरलं एकच काम: रोज मगरिबनंतर तासभर वाचन. कॉलेजमधल्या चार मुली शिकवायला येतात.

यंदाचा अहवाल जेमतेम दीड पान झाला. ११ पैकी ७ मुलं आता वाचतात. तो सातवीतला, आता नववीतला, अडखळत का होईना, फॉर्म स्वतः भरतो. दोघं काम शोधायला घरच्यांबरोबर भिवंडीला गेले, त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. तेही लिहिलंय.

चाचांनी अहवाल वाचला. पूर्वी ते पहिलं विचारायचे, “किती वाटलं?” यंदा चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे इथे अजून दोन राहिले. कोण आहेत ते?”